अमेरिकेतलं सरकार, धर्म आणि शाळा: निबंधासाठी काही प्रश्न

ओवी_अकरावी

नमस्कार. मी न्यू जर्सीच्या एका पब्लिक स्कूलमध्ये अकरावीत आहे. ‘सरकार, धर्म आणि नागरिकांची स्वातंत्र्यं’ या विषयावर स्वतःचे विचार मांडणारा पाच पानी निबंध लिहायचा आहे. अट एकच: मत आपलं असावं, पण प्रत्येक मताच्या मागे घटनेतलं कलम किंवा एखादा खटला हवा.

माझा कच्चा विचार असा. इथलं सरकार कुठल्याही धर्माचं नाही असं शिकवतात. पण नोटेवर देव आहे, शाळेत रोज सकाळी झेंड्यासमोर म्हणायच्या प्लेजमध्ये (निष्ठेच्या प्रतिज्ञेत) देव आहे, सिनेटचं कामकाज प्रार्थनेने सुरू होतं. शाळेने प्रार्थना म्हणवून घेतली की मात्र ते घटनाबाह्य. मला हे दुटप्पी वाटतं. तसं सरळ लिहावं का?

शिवाय काही नेमके प्रश्न आहेत. प्लेजच्या वेळी कुणी बसून राहिलं तर शाळा शिक्षा करू शकते का? शाळेत हिंदू विद्यार्थ्यांचा क्लब काढून गणपतीत आरती करता येईल का? ही स्वातंत्र्यं फक्त नागरिकांना आहेत की व्हिसावर असलेल्यांनाही? आणि भारताशी तुलनेचा एक परिच्छेद हवा आहे, त्यात काय घ्यावं?

---

सदाशिव_क

ओवी, ‘दुटप्पी’ लिहिण्याआधी प्रत्येक उदाहरणाला एक प्रश्न विचारून बघ: बोलतंय कोण, सरकार की माणूस? या विषयातले बहुतेक निकाल याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

पहिली घटनादुरुस्ती मूळ इंग्रजीत जेमतेम ४५ शब्दांची आहे. १५ डिसेंबर १७९१ ला ती लागू झाली आणि तिचा पहिलाच शब्द आहे ‘काँग्रेस’, म्हणजे अमेरिकेची संसद. थोडक्यात, हुकूम सरकारला आहे, तुला-मला नाही. त्यात धर्माबद्दल दोन वाक्यांश आहेत. सरकारने धर्म प्रस्थापित करायचा नाही, हा एक. लोकांच्या धर्माचरणाला मनाई करायची नाही, हा दुसरा. त्यांच्यामागून भाषण, वृत्तपत्र, शांततेने जमणं आणि सरकारकडे गाऱ्हाणं मांडणं हे हक्क येतात. शाळेने प्रार्थना म्हणवली तर सरकार बोललं. तू डबा उघडण्याआधी ‘वदनी कवळ घेता’ म्हटलंस तर तू बोललीस. पहिल्याला बंदी आहे, दुसऱ्याला संरक्षण आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यातून येतात.

निबंधात हमखास होणारी एक चूक टाळ. ‘धर्म आणि राज्य यांच्यातली भिंत’ हे शब्द घटनेत नाहीत. थॉमस जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ ला कनेक्टिकटमधल्या डॅनबरी इथल्या बॅप्टिस्ट मंडळींना पत्र लिहिलं, त्यातले ते आहेत. ते बॅप्टिस्ट काही नास्तिक नव्हते, चांगले कडवे श्रद्धाळू होते. पण कनेक्टिकटचं राज्य दुसऱ्याच पंथाच्या, काँग्रिगेशनल चर्चच्या पाठीशी उभं होतं आणि ते पार १८१८ पर्यंत तसंच राहिलं. मॅसॅच्युसेट्समध्ये तर ही व्यवस्था १८३३ ला संपली. व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट प्रचारक तुरुंगात गेले होते. ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी तिथे कर बसवायचा घाट घातला गेला, तेव्हा जेम्स मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिलं, आणि जानेवारी १७८६ मध्ये जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा मंजूर झाला. माझ्या मते तुझ्या निबंधाचा कणा इथे आहे: सरकारला धर्मापासून लांब ठेवा, ही मागणी सर्वांत जोरात श्रद्धाळूंनीच केली होती.

हे राज्यांना लागू कसं, असा प्रश्न शिक्षक विचारतीलच, कारण मजकुरात फक्त काँग्रेस आहे. उत्तर चौदाव्या घटनादुरुस्तीत आहे, १८६८ ची. तिच्या आधारे सुप्रीम कोर्टाने १९४० मध्ये (कँटवेल) धर्माचरणाचं आणि १९४७ मध्ये (एव्हरसन) धर्म प्रस्थापित न करण्याचं बंधन राज्यांवर टाकलं. तुझी शाळा राज्य सरकारच्या कायद्याने चालते, म्हणून या दोन तारखा तुझ्या कामाच्या.

आता नोट. एक डॉलरची नोट उलटी करून धर. डावीकडे पिरॅमिड, उजवीकडे गरुड आणि मध्ये मोठ्या ‘वन’च्या डोक्यावर ‘इन गॉड वी ट्रस्ट’. बघताना वाटतं की हे वॉशिंग्टनच्या काळापासून असणार. तसं नाही. हे शब्द पहिल्यांदा आले १८६४ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, दोन सेंटच्या नाण्यावर. राष्ट्राचं अधिकृत ब्रीद ते झालं १९५६ मध्ये आणि कागदी नोटांवर दिसू लागले १९५७ पासून. प्लेज १८९२ ची आहे आणि तिच्यात ‘अंडर गॉड’ घातलं गेलं १९५४ मध्ये. शीतयुद्धाचे दिवस होते, निरीश्वरवादी सोव्हिएत राजवटीपासून आपलं वेगळेपण दाखवायचं होतं. म्हणजे तुला जी विसंगती दिसते तिचा बराचसा भाग संस्थापकांचा नाही, १९५० च्या दशकातला आहे. ती विसंगती आहे असं तू खुशाल लिही, फक्त तारखांसकट लिही. सुप्रीम कोर्टाने प्लेजमधल्या या दोन शब्दांवर थेट निकाल दिलेला नाही. २००४ च्या न्यूडो खटल्यात दावा करणाऱ्या वडिलांना तो दाखल करण्याचा अधिकारच नाही, असं म्हणून प्रकरण मिटवलं.

सिनेट आणि शाळा यांतला फरक कोर्टाने असा केला आहे: विधिमंडळात प्रौढ माणसं असतात, उठून बाहेर जाऊ शकतात, आणि पहिल्या काँग्रेसनेच १७८९ मध्ये पगारी धर्मोपदेशक नेमला होता, म्हणून ती जुनी परंपरा (मार्श, १९८३). शाळेत मुलं असतात, हजेरी सक्तीची असते आणि समोर उभे असतात शिक्षक. १९६२ च्या एंजल खटल्यातली न्यूयॉर्कची प्रार्थना २२ शब्दांची होती, कुठल्याही पंथाचं नाव तिच्यात नव्हतं, ज्याला नको त्याला गप्प राहायची मुभा होती. तरीही ती घटनाबाह्य ठरली, कारण ती सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिलेली होती. इथे तुझं मत वेगळं असलं तरी हरकत नाही. मार्शमधला ‘परंपरा आहे म्हणून चालेल’ हा युक्तिवाद मलाही कच्चा वाटतो.

---

मृण्मयी_पी

प्लेजबद्दल. पब्लिक स्कूल शिक्षा करू शकत नाही. उभं राहण्याचीही सक्ती नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात ‘म्हणायची नसेल तर निदान सावधान उभे राहा’ अशी अट होती. १९७८ मध्ये लिप खटल्यात फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील कोर्टाने तीही घटनाबाह्य ठरवली. पण हे देशभर एकसारखं आहे असं लिहू नकोस. टेक्सस आणि फ्लोरिडात सूट हवी असेल तर पालकांची लेखी विनंती लागते, आणि फ्लोरिडाची ती अट अपील कोर्टाने २००८ मध्ये बऱ्याच अंशी उचलून धरली.

यामागचे दोन खटले जोडीने वाच, कारण तीनच वर्षांत सुप्रीम कोर्टाने स्वतःचा निकाल उलटा फिरवला. १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिलला यहोवाज विटनेस पंथाच्या एका घरातली दोन मुलं, बहीण बारा वर्षांची आणि भाऊ दहाचा, झेंड्याला सलाम करत नाहीत म्हणून शाळेतून काढली. त्यांच्या धर्मात देवाखेरीज कशालाही वंदन नाही. तेव्हाचा सलाम म्हणजे आजच्यासारखा छातीवर हात नव्हता. उजवा हात झेंड्याच्या दिशेने सरळ पुढे ताणायचा. नाझींच्या सलामाशी त्याचं साम्य इतकं होतं की डिसेंबर १९४२ मध्ये काँग्रेसने तो बदलला. १९४० मध्ये (गोबिटिस) कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले, मेन राज्यातल्या केनेबंकला त्यांचं सभागृह जाळलं गेलं.

१९४३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातून तसाच खटला आला, बार्नेट. या वेळी सहा विरुद्ध तीनने मुलं जिंकली. निकालाचा दिवस होता १४ जून, म्हणजे फ्लॅग डे. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालाचा गाभा असा: राजकारणात, राष्ट्रभक्तीत किंवा धर्मात काय मानायचं हे कुठलाही अधिकारी, लहान असो वा मोठा, ठरवून देऊ शकत नाही.

बहुतेक विद्यार्थी एक गोष्ट इथे चुकवतात. बार्नेटचा पाया धर्मस्वातंत्र्य नाही, भाषणस्वातंत्र्य आहे. म्हणून बसून राहणाऱ्याला धार्मिक कारण द्यावं लागत नाही. राजकीय कारण चालतं, कारणच न सांगणंही चालतं.

आणि हे सगळं पब्लिक स्कूलपुरतं. खासगी शाळा म्हणजे सरकार नव्हे, तिला पहिली घटनादुरुस्ती बांधत नाही.

---

अनिरुद्ध७१

सदाशिवराव, छान लिहिलंत. एक भर घालतो, नाहीतर ओवीचे शिक्षक गुण कापतील.

जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘लेमन कसोटी’ असते, १९७१ ची: कायद्याचा हेतू धर्मनिरपेक्ष आहे का, मुख्य परिणाम धर्माला बढावा देणारा किंवा दडपणारा आहे का, सरकार धर्मात फार गुंतून पडतं का. ती चालू कायदा म्हणून लिहू नका. २७ जून २०२२ च्या केनेडी निकालात सुप्रीम कोर्टाने ती सोडून दिली आणि ‘इतिहास व परंपरा’ पाहा असं सांगितलं. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनचा फुटबॉल कोच केनेडी सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यावर गुडघा टेकून प्रार्थना करायचा. सहा न्यायमूर्तींनी ती त्याची खासगी प्रार्थना मानली. तिघांनी विरोध केला आणि त्या विरोधी मतात खेळाडूंच्या गराड्यात उभ्या असलेल्या कोचचे फोटोच छापले आहेत. ओवी, सदाशिवरावांच्या ‘बोलतंय कोण’ या प्रश्नासाठी याहून चांगलं उदाहरण नाही: तीच घटना, आणि एका बाजूला दिसतो भाविक माणूस, दुसऱ्या बाजूला दिसतो सरकारी नोकर. मला विरोधी मत जास्त पटतं. ज्याच्या हातात संघात घ्यायचं की नाही हे आहे, त्याच्या शेजारी गुडघा टेकायचा की नाही हा सोळा वर्षांच्या मुलासाठी मोकळा निर्णय नसतो.

पण केनेडीचा अर्थ ताणू नकोस. शिक्षकाने वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची नाही, हे एंजलचं सूत्र मोडलेलं नाही.

---

ओवी_अकरावी

सगळ्यांचे मनापासून आभार. सदाशिवकाका, ‘दुटप्पी’ खोडलं. आता ‘सरकारचा आवाज आणि माणसाचा आवाज’ असा निबंध उभा करते आहे.

क्लबचं अजून कळलं नाही. लंच ब्रेकमध्ये निरांजन लावून आरती आणि मंदिरातले गुरुजी बोलावणं, असं डोक्यात आहे. आणि व्हिसाचं?

---

वैशाली_गद्रे

ओवी, क्लबसाठी १९८४ चा ‘इक्वल ॲक्सेस ॲक्ट’ वाच. फेडरल पैसा घेणाऱ्या पब्लिक हायस्कूलने अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब चालू दिला, तर धार्मिक, राजकीय किंवा तात्त्विक विषय आहे म्हणून दुसऱ्या क्लबला नाही म्हणता येत नाही. नेब्रास्कातल्या ओमाहा इथल्या मर्जेन्स खटल्यात (१९९०) ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या क्लबला परवानगी नाकारली होती. कोर्टाने विचारलं, तुमच्याकडे बुद्धिबळाचा आणि स्कूबा डायव्हिंगचा क्लब आहे, तो कुठल्या विषयाच्या अभ्यासाचा भाग? तिथेच शाळेची बाजू ढासळली.

म्हणून पहिलं काम: शाळेच्या हँडबुकमधून क्लबांची यादी काढ आणि कुठल्याही विषयाला न जोडलेले क्लब खुणव. एक सापडला तरी पुरे. मग अर्ज, आणि तो विद्यार्थ्यांनीच करायचा. आईवडिलांनी लिहिलेला किंवा मंदिराच्या लेटरहेडवरचा अर्ज इथेच अडकतो, कारण क्लब विद्यार्थ्यांच्या पुढाकाराचा असला पाहिजे ही कायद्याचीच अट आहे. शिक्षक ॲडव्हायझर म्हणून खोलीत बसू शकतात, पण धार्मिक क्लबच्या बैठकीत त्यांनी भाग घ्यायचा नाही. आरतीचं ताट त्यांच्या हातात देऊ नका, कितीही आपुलकीने द्यावंसं वाटलं तरी. गुरुजींचंही तसंच: बाहेरच्या माणसाने बैठक चालवायची नाही, नियमित यायचंही नाही. वर्षातून एकदा पाहुणे म्हणून येणं निराळं, तेही शाळेचा पाहुण्यांचा नियम सगळ्या क्लबांना सारखा असेल तर.

वेळ शिकवणीबाहेरची हवी. शाळेच्या आधी किंवा नंतर ठेवलीत तर वादच नाही. लंचमध्ये ठेवायची तर त्या वेळात कुणाचेच तास नसावेत आणि इतर क्लबही तेव्हा भरत असावेत. सूचनाफलक, स्पीकरवरची घोषणा, क्लब फेअरमधलं टेबल हे बाकीच्यांना मिळत असेल तर तुम्हालाही मिळालं पाहिजे.

निरांजनाला शाळा नाही म्हणेल आणि ते बरोबर असेल. वर्गात उघडी ज्योत नको हा आगीचा नियम मेणबत्तीलाही लागू आहे, त्यात धर्माचा प्रश्न नाही. बॅटरीवरचा दिवा वापरा. कापूर नाही, उदबत्ती नाही, धुराचा अलार्म वाजला की पूर्ण इमारत रिकामी होते. प्रसादाला पंचखाद्यापेक्षा साखरफुटाणे किंवा फळं ठेवा. सुकामेवा आणि शेंगदाण्यांच्या ॲलर्जीमुळे बऱ्याच शाळांत ते आणायला बंदी असते.

याच कायद्याने नास्तिकांचा क्लब आणि समलिंगी विद्यार्थ्यांचा क्लबही उभा राहतो. १९९६ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या शिक्षण मंडळाने असा एक क्लब टाळण्यासाठी अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद केले. निबंधात हे अवश्य घे. स्वतःसाठी मागितलेला हक्क दुसऱ्यालाही द्यावा लागतो, नाहीतर दोघांचाही जातो, हे या एका घटनेत दिसतं.

---

सदाशिव_क

व्हिसाचं उत्तर दोन तुकड्यांत आहे. बोलल्याबद्दल, छापल्याबद्दल, सभेला गेल्याबद्दल तुरुंग किंवा दंड होऊ नये, हे संरक्षण इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही आहे. १९४५ च्या ब्रिजेस खटल्यात कोर्टाने तसं म्हटलं. पण देशात ठेवायचं की नाही यात सरकारचा हात बराच मोकळा आहे. १९५२ च्या हॅरिसियाडेस खटल्यात जुन्या कम्युनिस्ट सभासदत्वावरून हद्दपारी कायम झाली. तेव्हा ‘व्हिसावाल्यांना स्वातंत्र्य नाही’ हेही चूक आणि ‘नागरिकांसारखंच आहे’ हेही चूक. निबंधाबाहेर, प्रत्यक्षात कुणाला मोर्च्यात उतरायचं असेल तर त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारावं, अटक झाल्यावर नव्हे.

आपल्या मंडळांना रोज लागणारं एक उदाहरण देतो: विसर्जन. फुटपाथवरून रहदारी न अडवता चालायला बहुतेक ठिकाणी काही लागत नाही. रस्ता अडवून ढोल-ताशा न्यायचा तर टाउनशिपचं पर्मिट लागतं, आणि वेळ, जागा, आवाज यांचे नियम लावायचा तिला हक्क आहे, फक्त ते सेंट पॅट्रिक्स डेच्या परेडलाही तसेच लागू हवेत. विरोधक येतील म्हणून पोलिसांचा खर्च वाढेल आणि तो तुमच्याकडून घेऊ, असं म्हणता येत नाही (फोर्सिथ काउंटी, १९९२).

पाण्याचं मात्र वेगळं. ‘तळ्यात कुठलीही वस्तू सोडू नये’ असा सरसकट नियम असेल तर ‘आमचा धर्म आहे’ एवढं म्हणून फेडरल घटनेखाली सूट मिळत नाही. हे १९९० च्या स्मिथ निकालाने ठरलं. नियम ‘मूर्ती सोडू नयेत’ असा असेल तर तो एका धर्मावर नेम धरून केलेला आहे आणि टिकणं अवघड. १९९३ मध्ये फ्लोरिडातल्या हायालियाने सँटेरिया पंथाच्या पशुबळीवर नेम धरून नियम केले होते, सगळ्या नऊ न्यायमूर्तींनी ते रद्द केले. टेक्सस, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत धर्माचरणाला जास्त संरक्षण देणारे राज्याचे कायदे आहेत, तिथे उत्तर बदलू शकतं. घमेल्यात किंवा टाकीत शाडूची मूर्ती विरघळवली तर यातलं काहीच आड येत नाही.

---

ग्रंथालय_ठाणे

भारताच्या तुलनेबद्दल. ‘भारतात सर्वधर्मसमभाव, अमेरिकेत फारकत’ हे वाक्य प्रत्येक निबंधात असतं, ते नको. नेमकं काहीतरी घे.

पहिलं, बार्नेटची भारतीय बहीण: बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, ११ ऑगस्ट १९८६. तोच यहोवाज विटनेस पंथ. केरळमधली तीन भावंडं ‘जन गण मन’ चालू असताना आदराने उभी राहायची पण गात नव्हती, म्हणून जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढली. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला लावलं आणि निकालात अमेरिकेच्या दोन्ही झेंडा-खटल्यांची चर्चा केली. फरक टिपून ठेव: ही मुलं उभी राहत होती, आणि निकालात त्याला महत्त्व आहे. लिप खटल्यात उभं न राहणंही चाललं.

दुसरं, पंढरपूर. विठ्ठल-रुक्मिणी मंदिराचा कारभार १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाखाली शासनाने नेमलेली समिती पाहते. अमेरिकेत कुठल्याही राज्याला चर्चचा कारभार असा हाती घेता येणार नाही. पण आपल्या घटनेने राज्याला हा हात मुद्दाम दिला. अनुच्छेद २५ मधलं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे, आणि त्याच अनुच्छेदात सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला आहे. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, हे डोळ्यांसमोर आणलं की ही तरतूद का आहे ते समजतं. अमेरिकेत भीती होती सरकारची. इथे दार अडवून उभे होते धर्माच्या नावाने माणसंच, आणि ते उघडायला सरकार हवं होतं.

तिसरं, बाबासाहेब स्वतः न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले (१९१३ ते १९१६). ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मूलभूत हक्कांवरच्या मर्यादांवर टीका झाली, तेव्हा त्यांनी अमेरिकेचाच १९२५ चा गिटलो खटला वाचून दाखवला. मुद्दा असा की तिथेही हक्क निरपवाद नाहीत. मर्यादा घटनेत लिहिलेल्या नाहीत, कोर्टांनी निकालांतून घातल्या, आपण त्या घटनेतच लिहिल्या. गिटलोतला भाषणाबद्दलचा कडक नियम अमेरिकेने पुढे मागे टाकला, १९६९ च्या ब्रँडनबर्गपासून तिथे बराच सैल नियम आहे. हे वाक्य घातलंस तर १९४८ ची तुलना आजची म्हणून खपवल्याची चूक होणार नाही.

---

मृण्मयी_पी

ओवी, तळटिपांसाठी एक गोष्ट राहिली. दोन्ही झेंडा-खटल्यांत कुटुंबांची आडनावं कोर्टाच्या कागदात चुकीची पडली आहेत. पहिलं कुटुंब ‘गोबिटस’, खटला मात्र ‘गोबिटिस’. दुसऱ्याच्या इंग्रजी आडनावात शेवटी ‘ई’ नाही, खटल्याच्या नावात आहे. खटला लिहिताना कोर्टातलं स्पेलिंग ठेव, माणसांबद्दल लिहिताना त्यांचं खरं.